क्लच व गियर यांचे दोष ओळखण्याची रीत

बदलापूर या गावाच्या नावाविषयी एक आख्यायिका आपल्याकडे सर्वत्र सांगितली जाते. कोकण व सुरत यांच्या वाटेवरील या मुक्कामी शिवकालात थकलेले घोडे बदलून ताजे घोडे घेत असत, व त्या बदलावरून गावास हे नाव पडले, असे लोक म्हणतात. आख्यायिका खरी असो वा नसो, तीत व्यवहाराची एक गोष्ट आहे. थकलेल्या जनावरास ओळखणारा मनुष्य वाटेत फसत नसे. आणि जो ते ओळखीत नसे, त्याचा माल व वेळ ही दोन्ही रानात अडकून पडत. आज घोड्याच्या जागी गाडी आली. मुळगावच्या बाजूने बारवी धरणाकडे जाणारा रस्ता असो, की बदलापुराहून अंबरनाथ व उल्हासनगर यांमधून कल्याणच्या बाजार समितीकडे जाणारा रस्ता असो, भाजीपाला, भात, पेंढा व मोसमात जांभळे वाहून नेणारी छोटी मालगाडी ही पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरची वस्तू झाली आहे. पण जो शेतकरी आपल्या बैलाचा लंगडा पाय दुरून ओळखतो, त्यासच आपल्या गाडीचा क्लच घसरतो आहे की सुटत नाही, एवढा भेद पुष्कळदा सांगता येत नाही. या अज्ञानाचा भुर्दंड मोठा आहे. शेकड्यांत भागणाऱ्या तारेच्या दुरुस्तीसाठी हजारांचा पूर्ण संच बदलला जातो, पहाटेचा बाजार बुडतो, आणि घाटातील उतारावर तर प्रसंग जिवावरही येतो. सबब या लेखात हे दोष घरच्या घरी, यंत्र न उघडता, कसे ओळखावेत याचा क्रमवार विचार करण्याचे योजिले आहे.

यंत्राची ओळख

दोष समजण्यापूर्वी यंत्राचे कार्य समजले पाहिजे. इंजिन एकदा सुरू झाले म्हणजे ते फिरतच राहते. त्यास बैलाप्रमाणे मध्येच उभे करता येत नाही. गाडी मात्र थांबावी लागते, हळू चालावी लागते, मागे न्यावी लागते. यासाठी इंजिन व चाके यांच्यामध्ये दोन योजना केलेल्या असतात. पहिली क्लच व दुसरी गियरपेटी.

क्लच म्हणजे जू काढण्याची व घालण्याची सोय होय. इंजिनाच्या टोकाशी फ्लायव्हील नावाचे जड चाक असते. त्यास लागून दोन्ही अंगांस खरखरीत अस्तर लावलेली एक तबकडी असते, तिला क्लच प्लेट म्हणतात. तिच्या पाठीशी प्रेशर प्लेट असून ती बळकट स्प्रिंगच्या जोराने क्लच प्लेटीस फ्लायव्हीलवर दाबून धरते. जात्याच्या दोन तळ्यांत दाणा सापडावा त्याप्रमाणे क्लच प्लेट या दोहोंमध्ये सापडते व त्यांच्याबरोबर फिरू लागते. पायाखालचे पेडल दाबले म्हणजे तारेच्या किंवा तेलाच्या दाबाच्या योगाने एक दुफाटा पुढे सरकतो, त्यावरील रिलीज बेअरिंग स्प्रिंगवर रेटा देते, प्रेशर प्लेट मागे हटते, आणि क्लच प्लेट मोकळी होते. इंजिन फिरत राहते, पण त्याचे बळ पुढे जात नाही.

गियरपेटीचे काम वेगळे. उसाच्या चरकास दात असतात व लहान-मोठ्या चक्रांच्या योगाने फेऱ्यांची संख्या कमी-अधिक होते, हे आपण पाहिलेच आहे. गियरपेटीतही तेच घडते. पहिल्या गियरमध्ये इंजिनाचे साधारण साडेतीन ते चार फेरे होतात तेव्हा पेटीतून निघणाऱ्या दांड्याचा एक फेरा होतो. वेग कमी, पण ओढ मोठी. वरच्या गियरांत फेरे जवळजवळ बरोबरीचे होतात. ओढ कमी, पण वेग मोठा. भरली गाडी चढावर नेताना खालचा गियर का लागतो, याचे उत्तर यातच आहे.

गियर बदलताना वेगवेगळ्या गतीने फिरणारी दोन चक्रे एकमेकांत अडकवावयाची असतात. पूर्वी हे चालकाच्या कौशल्यावर अवलंबून असे व चूक झाल्यास दात करकरत. १९२८ साली अमेरिकेतील कॅडिलॅक गाडीत सिंक्रोमेश नावाची योजना प्रथम आली. तीत बहुधा पितळेचे एक निमुळते कडे असते. ते प्रथम घर्षणाने दोन्ही चक्रांची गती सारखी करते, व मगच दात एकमेकांत जातात. आज बहुतेक गाड्यांत पुढे जाण्याच्या सर्व गियरांस ही सोय असते. रिव्हर्सला मात्र पुष्कळ गाड्यांत नसते. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढील एका परीक्षेत याचाच उपयोग करावयाचा आहे.

परीक्षेपूर्वी सावधगिरी

परीक्षा सपाट, मोकळ्या जागी करावी. खळ्याची जमीन यास उत्तम. हँडब्रेक ओढून चाकांखाली मागे-पुढे धोंडे लावावेत; गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही, विशेषतः मुले, उभी राहू देऊ नयेत. गाडीखाली शिरावयाचे झाल्यास केवळ जॅकच्या भरवशावर कधीही शिरू नये. क्लचच्या आवरणातील भुकटी तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नये. जुन्या अस्तरांत एस्बेस्टॉस असे व त्याची धूळ फुप्फुसास घातक आहे. ती ओल्या फडक्याने टिपून काढावी.

पहिली परीक्षा : इंजिन बंद व इंजिन चालू

ज्याची गाडी गियर घेत नाही त्याने प्रथम एवढेच करावे. इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून, एकामागून एक सर्व गियर टाकून पाहावेत. एखादा गियर अडला तर गाडी वीतभर पुढे-मागे ढकलून पुन्हा पाहावे, कारण उभ्या गाडीत कधीकधी दातासमोर दात येतो व तो दोष नव्हे. नंतर इंजिन सुरू करून पुन्हा तसेच करावे. यातून तीन निष्कर्ष निघतात.

(१) इंजिन बंद असता सर्व गियर सहज पडतात, पण चालू असता अडतात किंवा करकरतात : गियरपेटी बहुधा निर्दोष असून क्लच पुरता सुटत नाही.

(२) इंजिन बंद असताही सर्वच गियर जड पडतात : दोष गियरच्या दांड्यापासून पेटीपर्यंतच्या जोडणीत, तारेत वा पेटीत आहे, क्लचला हात लावण्याचे कारण नाही.

(३) बाकीचे गियर उत्तम पडतात, पण चालत्या गाडीत एखादाच करकरतो : त्या एका गियरचे सिंक्रो-कडे झिजले असण्याचा संभव अधिक. क्लच दोषी असता तर त्रास सर्व गियरांस झाला असता.

या परीक्षेस पाच मिनिटे लागतात व एक पैसाही पडत नाही. तरीही ती न करताच गाडी दुरुस्तीस नेणारे अनेक आहेत.

क्लच घसरणे

क्लच घसरतो म्हणजे प्रेशर प्लेटीचा दाब किंवा अस्तराची पकड अपुरी पडून क्लच प्लेट इंजिनाबरोबर पुरती फिरत नाही. याचे लक्षण असे की, वरच्या गियरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबला असता इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडीचा वेग त्या मानाने वाढत नाही. जळक्या अस्तराचा उग्र वास येतो, तेल अधिक जळते. आरंभी हा दोष भरल्या गाडीतच व चढावरच दिसतो; रिकामी गाडी सपाटीवर ठीक चालते, म्हणून मालक दुर्लक्ष करतो.

खात्री करून घेण्याची रीत अशी : हँडब्रेक घट्ट ओढून व चाकांस धोंडे लावून इंजिन सुरू करावे, तिसरा गियर टाकावा, ॲक्सिलरेटर किंचित दाबून क्लच सावकाश सोडावा. क्लच निरोगी असेल तर इंजिन लागलीच गुदमरून बंद पडेल. बंद न पडता ते चालूच राहिले, तर क्लच घसरतो हे निश्चित. ही परीक्षा एकदा, फार तर दोनदा करावी. वारंवार केल्यास चांगला क्लचही जळेल.

कारणे शोधताना स्वस्त कारणापासून महागाकडे जावे. प्रथम पेडलची मोकळीक पाहावी. पेडल हाताच्या बोटांनी हलके दाबले असता आरंभी ते काही अंतर विनाप्रयास खाली जाते व मग जड लागते. या अंतरास मोकळीक म्हणतात. तारेच्या पुष्कळ गाड्यांत ती सुमारे १० ते २५ मिलिमीटर असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा, कारण आपोआप जुळवून घेणाऱ्या तारांत व तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचांत तो निराळा असतो. अस्तर झिजत जाते तशी ही मोकळीक कमी होते. ती नाहीशी झाली म्हणजे रिलीज बेअरिंग सदोदित स्प्रिंगवर टेकून राहते व क्लच अर्धवट दाबल्यासारखाच राहतो. अशा वेळी तार योग्य तितकी सैल केल्याने दोष जात असेल तर अधिक खर्चाचे कारण नाही. मोकळीक बरोबर असूनही क्लच घसरत असेल तर अस्तर संपले आहे, त्यास तेल लागले आहे, किंवा स्प्रिंग निकामी झाली आहे, असे समजावे. क्लचच्या आवरणाच्या तळाशी तेलाचे थेंब दिसल्यास इंजिनाचे मागील अथवा गियरपेटीचे पुढील सील गळत असल्याचा संशय घ्यावा. अशा स्थितीत सील न बदलता नुसती नवी प्लेट बसविणे म्हणजे गळक्या छपराखाली नवे धान्य रचणे होय.

क्लच न सुटणे

हा दोष मागील दोषाच्या नेमका उलट आहे, आणि या दोहोंची गल्लत केल्यानेच पुष्कळ पैसा वाया जातो. येथे पेडल तळापर्यंत दाबूनही क्लच प्लेट मोकळी होत नाही. ती थोडीबहुत फिरतच राहते. परिणामी पहिला गियर टाकताना अडतो, रिव्हर्स करकरतो, आणि कधी क्लच दाबून गियर टाकताच गाडी पुढे झेपावते.

परीक्षा : इंजिन हळू चालत असता, गियर न्यूट्रलमध्ये ठेवून, क्लच पूर्ण दाबावा. मनात दहापर्यंत अंक मोजावेत. मग सावकाश रिव्हर्स टाकावा. क्लच सुटत असेल तर या अवधीत गियरपेटीतील दांडा थांबलेला असतो व रिव्हर्स निमूटपणे पडतो. दहा मोजूनही करकर होत असेल तर प्लेट इंजिनाबरोबर फिरत आहे, हे सिद्ध झाले. क्लच दाबताक्षणीच रिव्हर्स टाकल्याने होणारी करकर हा मात्र यंत्राचा दोष नसून चालकाच्या उतावळेपणाचा आहे.

तारेच्या गाडीत तार ताणली जाणे, तिचे धागे तुटत जाणे व मोकळीक प्रमाणाबाहेर वाढणे ही प्रथम पाहण्याची कारणे होत. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचात पेडल मऊ, पोकळ लागत असेल व तीन-चार वेळा भराभर दाबल्यावर गियर पडत असेल, तर नळीत हवा शिरली आहे किंवा सिलिंडरचे रबर गेले आहे. टाकीतील तेलाची पातळी पाहावी व नळीच्या सांध्यांशी ओल शोधावी. या टाकीत पुस्तिकेत सांगितलेले ब्रेकचे तेलच घालावे. घाईत इंजिनाचे किंवा दुसरे खनिज तेल घातल्यास रबरे फुगून सर्व व्यवस्था बिघडते. हे ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. म्हणून आपल्याकडील दमट पावसाळ्यात त्याचा डबा उघडा ठेवू नये व बरेच दिवस उघडून ठेवलेले तेल वापरू नये.

पुराचे पाणी व क्लच

उल्हास नदीच्या काठच्या शेतकऱ्यांस या विषयाचे एक अंग विशेष जाणले पाहिजे. २६ जुलै २००५ चा प्रलय कोणी विसरले नाही. २०१९ सालीही २७ जुलै रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकून हजाराहून अधिक प्रवाशांस बाहेर काढावे लागले. अशा पुरात आगगाडीची ही दशा, तेथे अंगणात उभ्या केलेल्या मालगाडीची काय कथा?

एका पुरानंतरची आमच्या शेजारची हकीकत येथे देतो. गाडी रात्रभर दारापर्यंत पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर इंजिनाची उत्तम व्यवस्था लावली गेली, त्याचे तेल बदलले. पण क्लचचा विचार कोणाच्या मनात आला नाही. लावणी चालू असल्याने गाडी तीन आठवडे हललीच नाही. पुढे ती सुरू करताच एकही गियर पडेना. एका कारखान्यात दाखविता गियरपेटी खराब झाली असून ती उघडावी लागेल, असे सांगण्यात आले. खर्चाचा अंदाज ऐकून शेजाऱ्यांनी भाताचा काही भाग आगाऊ विकण्याचा विचारही सुरू केला होता. तेव्हा आम्ही वर सांगितलेली पहिली परीक्षा करून पाहिली. इंजिन बंद असता पाचही गियर लोण्यासारखे पडत होते. अर्थात पेटी निर्दोष होती. पाण्याने व गाळाने फ्लायव्हीलवर गंज चढून क्लच प्लेट त्यास चिकटली होती, एवढेच. दुसऱ्या एका जाणत्या मिस्त्रीने क्लच खाली घेऊन गंज साफ केला, दांड्यावरील खाचा पुसून किंचित ग्रीस लावले, प्लेट बदलली, आणि गाडी बाजारास लागली. खर्च झाला, नाही असे नाही. परंतु पेटी उघडण्याचा खर्च व त्यात जाणारे दिवस वाचले, आणि भातही घरात राहिले.

यावरून घ्यावयाचा बोध असा. पाण्यात उभी राहिलेली गाडी लागलीच सुरू करून पाहू नये. क्लचच्या आवरणास तळाशी पाणी निथळण्याचे छिद्र असल्यास ते गाळाने बुजले आहे का ते पाहून मोकळे करावे. गियरपेटीस वर हवेसाठी सूक्ष्म वाट असते, तीतून पाणी आत जाते; यास्तव पेटीतील थोडे तेल काढून पाहावे. ते ताकासारखे पांढुरके दिसल्यास सर्व तेल सोडून देऊन नवे भरावे, अन्यथा बेअरिंगे गंजतील. यंत्र तपासून झाल्यावर गाडी दोन-तीन दिवसांच्या अंतराने थोडी तरी चालवावी; उभे राहणे हाच गंजास आश्रय होय.

आवाजावरून निदान

वैद्य नाडी पाहतो, तद्वत येथे कान लावावा. गाडी उभी, इंजिन चालू, गियर न्यूट्रलमध्ये, अशा स्थितीत पुढील भेद दिसतात.

पाय पेडलवर नसता गुरगुर येते व क्लच दाबताच ती थांबते : गियरपेटीतील दांड्याचे बेअरिंग झिजले असावे, किंवा पेटीत तेल कमी असावे, कारण क्लच दाबल्यावर पेटीतील चक्रे थांबतात व आवाजही थांबतो.

पाय नसता शांत, पण पेडल दाबू लागताच किंचाळल्यासारखा आवाज येतो : रिलीज बेअरिंग निकामी होत आहे.

क्लच पूर्ण दाबून व गियर टाकून गाडी उभी असतानाच आवाज येतो : फ्लायव्हीलच्या मध्यभागी जे लहान बेअरिंग काही गाड्यांत असते, त्यावर संशय घ्यावा.

क्लच सोडताना गाडी थरथर कापत पुढे जाते : अस्तरास तेल लागणे, फ्लायव्हीलचा पृष्ठभाग जळून वाकडा होणे, किंवा इंजिन ज्यावर बसते ती रबरी बैठक तुटणे, यांपैकी एक कारण असते. रबरी बैठक बाहेरून दिसते व तुलनेने स्वस्त आहे. म्हणून ती आधी पाहावी.

गियरपेटीचे व जोडणीचे दोष

गियरचा दांडा खळखळ हलतो, गियर शोधावा लागतो, अशी तक्रार जुन्या गाड्यांत फार. कुर्ल्याच्या कारखान्यात होणाऱ्या व लोकांत फियाट म्हणून ओळखल्या गेलेल्या प्रीमियर पद्मिनी गाडीत गियरचा दांडा बहुधा स्टिअरिंगखाली असे, व तेथून पेटीपर्यंत लांबलचक सळ्यांची जोडणी असे. त्या सळ्यांच्या सांध्यांतील लहान बुश झिजले की गियर सापडेनासा होई. २०२३ सालच्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून या टॅक्सीने निरोप घेतला, पण तिने शिकविलेला धडा आजही लागू आहे : गियर सापडत नसेल तर पेटी उघडण्यापूर्वी जोडणीचे बुश व तारा तपासाव्यात. चिखलाच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत गाडीखालील हे सांधे मातीने भरतात. ते धुऊन, तेल-ग्रीस देऊन अर्धे दुखणे जाते.

गियर आपोआप निसटतो, विशेषतः उतारावर ॲक्सिलरेटर सोडताच निसटतो, हा दोष सर्वांत घातक मानावा. पेटीत गियर जागी धरून ठेवणारी स्प्रिंग व गोळी झिजणे, गियरचे दात गोल होणे, दुफाटा झिजणे किंवा इंजिनाची बैठक ढिली होणे ही त्याची कारणे. जुन्नरकडील भाजीपाला माळशेज घाटाने मुरबाडमार्गे कल्याणास येतो. भरली गाडी घाट उतरताना तिला इंजिनाची ओढच आवरून धरीत असते. गियर निसटला म्हणजे तो सर्व भार ब्रेकवर येतो; ब्रेक तापतात व त्यांची पकड कमी होते. म्हणून गियर निसटणारी अथवा क्लच घसरणारी गाडी घाटात नेऊ नये. एक खेप बुडाली तर दुसरी करता येते. माणूस मात्र पुन्हा मिळत नाही.

एखाद्या गियरचे सिंक्रो झिजले असता दुरुस्ती होईपर्यंत काम चालविण्याची जुन्या मालमोटारींच्या चालकांची एक रीत आहे. वरून खालचा गियर टाकताना क्लच दाबून प्रथम न्यूट्रल करावे, क्लच सोडून ॲक्सिलरेटरला किंचित टोला द्यावा, पुन्हा क्लच दाबून खालचा गियर टाकावा. यामुळे दोन्ही चक्रांची गती जुळते व दातांस इजा होत नाही. वरचा गियर टाकताना टोल्याचे कारण नाही. न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबणे पुरते. जोराने मात्र गियर कधीही दामटू नये.

पेटीतील तेल ही शेवटची, पण महत्त्वाची बाब. ते जळत नसल्याने पुष्कळ लोक वर्षानुवर्षे पाहत नाहीत. गळतीने मात्र ते कमी होते. तेलाच्या डब्यावर जीएल-४, जीएल-५ असे दर्जे लिहिलेले असतात. पाच हा आकडा मोठा म्हणून ते तेल अधिक चांगले, अशी समजूत करून घेऊ नये. जीएल-५ मधील काही द्रव्ये सिंक्रोच्या पितळी कड्यास बाधक ठरू शकतात. पुस्तिकेत जो दर्जा सांगितला असेल तोच घ्यावा.

ट्रॅक्टरविषयी दोन शब्द

वरील पुष्कळ गोष्टी ट्रॅक्टरास लागू आहेत, पण दोन भेद ध्यानात ठेवावेत. दुहेरी क्लच असलेल्या ट्रॅक्टरात पेडल अर्धे दाबले असता चाके सुटतात व पूर्ण दाबले असता मागील यंत्रे चालविणारा पीटीओचा दांडाही सुटतो. म्हणून एक सुटतो व दुसरा सुटत नाही, अशी तक्रार असल्यास जुळणी पाहावी. शिवाय अनेक ट्रॅक्टरांत सिंक्रोमेश नसते. त्यांचे गियर ट्रॅक्टर उभा करूनच बदलावयाचे असतात. चालत्या ट्रॅक्टरात गियर करकरतो ही तेथे यंत्राची तक्रार नव्हे. चिखलणी करताना क्लचच्या आवरणात पाणी-चिखल जातो, हेही विसरू नये.

चालकाच्या सवयी

क्लच बहुधा रस्त्याने मरत नाही, पायाने मरतो. विठ्ठलवाडीपासून अंबरनाथपर्यंत गर्दीत गाडी मुंगीच्या पावलाने सरकत असता पुष्कळ चालक हाफ क्लचवर गाडी धरून ठेवतात. प्लेट त्या वेळी सतत घासत असते. गर्दीत थांबणे लांबेलसे दिसताच गियर न्यूट्रल करून पाय काढावा. चढावर गाडी क्लचने तोलून न धरता हँडब्रेकने धरावी. चालताना डावा पाय पेडलवर टेकवून ठेवू नये. त्याने रिलीज बेअरिंग व अस्तर दोन्ही झिजतात. दुसऱ्या गियरमध्ये भरली गाडी उठवू नये. हात नित्य गियरच्या दांड्यावर ठेवू नये. तो भार आतील दुफाट्यावर येतो. गाडीच्या शक्तीबाहेर माल भरू नये. बैल बसकण मारून आपली तक्रार सांगतो, क्लच मात्र मुकाट्याने जळतो.

मिस्त्रीकडे जाताना

गाडी दुरुस्तीस देताना ‘क्लच गेला’ असे मोघम सांगू नये. कोणत्या गियरमध्ये, चढावर की सपाटीवर, गाडी भरलेली की रिकामी, इंजिन थंड की तापलेले, पेडल दाबून की सोडून, हे कागदावर लिहून न्यावे. स्वतः केलेल्या परीक्षांचे निकालही सांगावेत. जाणता मिस्त्री अशा मालकाचा आदर करतो, आणि अजाणता सावध होतो. क्लचसाठी पेटी खाली उतरावी लागते व मजुरीचा मोठा भाग त्या उतरविण्याचाच असतो. म्हणून प्लेट बदलण्याची वेळ आल्यास प्रेशर प्लेट व रिलीज बेअरिंग यांचीही अवस्था पाहून घ्यावी, फ्लायव्हील तपासावे, गळके सील त्याच वेळी बदलावे. काढलेले जुने भाग परत मागून घ्यावेत व स्वतः पाहावेत; नवे भाग पावतीसह घ्यावेत.

सारांश

इंजिन वाढते व गाडी वाढत नाही, तो क्लच घसरतो. गियर पडत नाही व इंजिन बंद करताच पडतो, तो क्लच सुटत नाही. इंजिन बंद असताही सर्व गियर जड, तर जोडणी व पेटी पाहावी. एकच गियर करकरतो, तर त्याचे सिंक्रो पाहावे. गियर निसटतो, तर गाडी घाटात नेऊ नये. आणि प्रत्येक वेळी प्रथम तार, मोकळीक, तेल व बुश या स्वस्त वस्तू पाहून मगच महाग वस्तूंकडे वळावे.

आमच्या शेतकरी बंधूंनी पुढील बाजाराच्या दिवसापूर्वी, सकाळी गाडी भरण्याच्या आधी, वर सांगितलेली पहिली परीक्षा एकवार करून पाहावी, आणि निरोगी गाडीत पेडल कोठे धरते व गियर कसा पडतो हे आपल्या पायास व हातास शिकवून ठेवावे. निरोगी अवस्था ज्याच्या परिचयाची आहे, त्यास बिघाडाची पहिली चाहूल लागल्यावाचून राहत नाही.